आधी कुणाला उचलायचं

मी जिवंत आहे, ही गोष्ट आमच्या गल्लीत फारशी कुणाला पसंत नाही. तोंडावर कुणी म्हणत नाही, एवढी माणुसकी लोकांत आहे; पण मी कुबडी टेकत किराणावाल्याच्या दुकानासमोरून गेलो की तिथल्या गप्पा थांबतात आणि मी पुढे सरकलो की पुन्हा सुरू होतात. मला त्याचं काही वाटत नाही असं मी सांगत फिरतो. साफ खोटं आहे ते. माझ्या खोटं बोलण्याबद्दल पुढे येईलच. आधी ज्यानं मला जिवंत ठेवलं त्याच्याबद्दल सांगतो.

गल्ली त्याला मेजर म्हणायची. तो मेजर नव्हता, हवालदारसुद्धा नव्हता. लढाईत तो जखमींचं स्ट्रेचर उचलायचा. तीन वर्षं तेच केलं आणि अंगावर एक ओरखडा न घेता परत आला, ही लोकांना खटकलेली पहिली गोष्ट. तरी पहिले आठ दिवस गल्लीनं त्याला डोक्यावर घेतलं. मग एकदा किराणावाल्यानं सगळ्यांच्या मनातलं विचारलं, "काय मेजर, किती लोळवले?"

"एकपण नाही. मी उचलायचो."

किराणावाला म्हणाला, "म्हणजे हमालच की रे तू!"

सगळे हसले. मीही हसलो. मेजर हसला नाही आणि रागावलाही नाही. तो किराणावाल्याच्या निळसर नखांकडे बघत होता. "जिना चढताना दम लागतो का हो तुम्हाला?" त्यानं विचारलं. किराणावाल्याचं हसू तिथंच आटलं. पुढचे पंधरा दिवस तो या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरत होता, आणि दम खरोखरच लागतो असं निघाल्यावर तर त्यानं मेजरला जन्मात माफ केलं नाही.

आम्ही दोघं शाळेत एका बाकावर होतो. त्याचे आईबाप लवकर गेले; थोरल्या भावानं त्याला वाढवलं. हा थोरला आमच्या लाकडाच्या वखारीत आरा चालवायचा. आरा म्हणजे ओंडके चिरायचं मोठं यंत्र. त्याच वखारीत मागच्या खोलीत बसून मी करवतींना धार लावायचो. थोरला मोठा उमदा माणूस. बोटं दहाच्या दहा शाबूत असलेला आरेवाला मी तरी दुसरा पाहिला नाही. त्याची बायको, म्हणजे आमची वहिनी, जिभेची जरा तिखट, पण तीन वर्षं तिनं मेजरची खाट खिडकीशी तशीच ठेवली होती आणि पाहुण्यांनाही तिच्यावर टेकू दिलं नव्हतं. तो परत आल्यावर तिनं एकही प्रश्न विचारला नाही. ताट वाढलं आणि म्हणाली, "भावजी, तुमच्या शर्टांना बटणं नाहीत, काढून ठेवा, लावते." मेजर मला नंतर म्हणाला, "आख्ख्या गावात मला एवढं एकच घर आहे जिथं माझ्याकडे कुणी बघत बसत नाही." ते घर त्याच्याकडे राहतं की नाही, एवढाच या गोष्टीतला प्रश्न आहे.

तिकडचं जे काही तो बोलला ते माझ्याच खोलीत बोलला. भुशाच्या पोत्यावर बसायचा आणि मी धार लावत असताना बोलायचा, कारण सहाणेच्या चाकाच्या आवाजात बाहेर काही ऐकू जात नाही. मलाही निम्मंच ऐकू यायचं, आणि मला वाटतं त्याला तेच बरं वाटायचं.

चौघांत एक स्ट्रेचर. वरून खाली तंबूपर्यंत जायला एक तास, परत यायला एक तास. एका खेपेला एकच माणूस. वर पडलेले दहा असोत की वीस, न्यायचा एकच. म्हणजे प्रत्येक खेपेला आधी कुणाला उचलायचं हे कुणीतरी ठरवायचं. चौघांत हा वयानं मोठा, म्हणून ते काम याच्या गळ्यात पडलं. जो ओरडतोय त्याच्यात दम आहे, तो थांबू शकतो. जो गप्प आहे त्याच्याकडे आधी जायचं. आणि जो तासभर टिकणार नाही त्याला उचलायचंच नाही. त्याच्या कपाळावर निळ्या पेन्सिलीनं फुली मारायची.

"फुली कशाला?" मी सहाण थांबवून विचारलं.

"मागून येणाऱ्यांनी त्याच्यावर खेप घालवू नये म्हणून. पण फुली मारलेल्याला एकटा सोडायचा नाही. जो मोकळा असेल त्यानं जवळ बसायचं. कुणी नसेल तर ज्यानं फुली मारली त्यानं. तो काय म्हणतो ते ऐकायचं आणि घरच्यांना पोचवायचं."

"हे वरून आलेलं फर्मान?"

"छे. आमचं आम्हीच ठरवलेलं. वरच्यांना काय पडलंय?"

त्याच्याकडे एक वही होती, सगळी पत्त्यांनी भरलेली. सुटीच्या दिवशी तो धुतलेला शर्ट घालून बस पकडायचा आणि कुठल्या तरी गावात कुठल्या तरी अनोळखी दारावर जाऊन उभा राहायचा. माणसं सिनेमाला जातात, मासे पकडायला जातात. हा मेलेल्यांचे निरोप द्यायला जायचा. एकदा मीही बरोबर गेलो. वाटलं, चहापाणी होईल, दोन कौतुकाचे शब्द ऐकू येतील. एवढी माझी अक्कल.

एका न्हाव्याचं घर होतं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. न्हावी बाप एका गिऱ्हाइकाची दाढी अर्धी ठेवून आत आला, हाताला साबण तसाच. आई शिवणाच्या मशीनवरून उठली. मेजर खुर्चीच्या टोकावर बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर, पाठ ताठ. म्हणाला, "तुमच्या मुलानं सांगितलंय, सायकल विकू नका, धाकट्याला द्या. आणि समोरचा दात पडला ते आईला सांगू नका म्हणाला होता. पण मी जे ऐकलं ते सगळं सांगतो."

आईच्या डोळ्यांना पाणी, तोंडावर हसू. बाप मात्र विचार करत होता. "म्हणजे तो बोलत होता?"

"हो."

"शुद्धीत होता?"

"पूर्ण."

"आणि तुम्ही उचलणारे होतात."

"हो."

"मग उचलला का नाही?"

मेजरनं समजावून सांगितलं. तास, खेप, तंबू, सगळं. न्हाव्यानं ऐकून घेतलं. मग वस्तरा पुसत म्हणाला, "पाणी हवं तर प्या आणि निघा. बाहेर माझं गिऱ्हाईक ताटकळलंय."

परतीच्या बसमध्ये मी त्याला फैलावर घेतलं. "अरे शहाण्या, पत्र टाक ना! नाहीतर सांग, माझ्या हातांवर बोलता बोलता गेला. कोण बघायला आलंय?"

"पत्राला प्रश्न विचारता येत नाही," तो म्हणाला. "त्यांना प्रश्न विचारायचा असतो." खिडकीबाहेर बघत पुढे म्हणाला, "एकवीस घरं झाली. सगळ्यांनी तोच विचारला."

कामाचं म्हणाल तर आधी सरकारी इस्पितळात लागला होता. वाटलं होतं, सूत जुळेल. कुठलं? पहिल्याच महिन्यात त्यानं बाहेरची रांग मोडली. अठ्ठेचाळीस नंबरची बाई गप्प बसली होती, तिला उचलून आत नेलं आणि तीन नंबरवर कुणा बड्या माणसाचा मेव्हणा हात बांधून ओरडत होता, त्याला म्हणाला, "तुम्ही थांबू शकता." बाई वाचली. मेजरची नोकरी वाचली नाही. नंबरानं घ्यायचं असतं, एवढंही कळू नये माणसाला?

घरात तर गंमतच. एकदा पुतणी जिन्यावरून गडगडली आणि तिनं भोकाड पसरलं. हा वर्तमानपत्रातून मान वर करेना. "अहो भावजी, पोर पडली!"

"ओरडतेय ना? मग बरी आहे."

वहिनी कपाळाला हात लावून हसली. म्हणाली, "या माणसाला जाग आणायची तर मुकाट्यानं मरायला हवं." पुढे कितीतरी दिवस ती हे सगळ्यांना सांगायची. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

मग थोरल्यानं शब्द टाकून त्याला वखारीत चिकटवलं. काम काय, तर चिरून आलेल्या फळ्या बघायच्या आणि गाठाळलेल्या, तडकलेल्या फळीवर फुली मारायची. निळा खडू असतो त्याला, मेणाचा, ओल्या लाकडावरही उठतो आणि सहजी जात नाही. फुलीची फळी बाजूला पडते, जळणात जाते. तिला मग कुणी हात लावत नाही. मेजर या कामात असा काही तरबेज निघाला की मालक खूश. फळीकडे एकदा बघायचा आणि फुली मारायची की नाही ते सांगायचा, चूक म्हणून नाही. थोरला मला म्हणाला, "बघितलंस? धाकला मार्गी लागला." त्याचा जीव भांड्यात पडला होता. माझाही पडला होता. फुली म्हणजे फुली, लाकडावर काय नि कशावर काय, असा विचार आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आला नाही.

ते घडलं भर सकाळी. आदल्या दिवशी मोठा माल आला होता आणि ओंडक्यांची रास घाईघाईत रचली होती. खालची पाचर सरकली. आवाज आला तो मी कधी कुणाला नीट सांगू शकलेलो नाही. राशीच्या पायथ्याशी तिघं होतो: मी, थोरला, आणि एक हमाल. या हमालाला सगळे भोंगा म्हणायचे, कारण त्याचं कानात बोलणंही फाटकापर्यंत ऐकू जायचं. भोंग्याचा पाय मोडला आणि त्यानं आभाळ फाडायला सुरुवात केली. अर्धी वखार त्याच्याकडे धावली. मी पाठीवर पडलो होतो, मांडीखाली गरम ओलं लागत होतं आणि दुखत काहीच नव्हतं. माझ्यापासून दोन हातांवर थोरला होता. त्याच्या छातीवर ओंडका आडवा होता. त्याचा चेहरा राखेसारखा झालेला, पण डोळे उघडे आणि जागे.

मेजर आला. तो धावत आला नाही, भरभर चालत आला. भोंग्याकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. थोरल्याजवळ गुडघ्यावर बसला, त्याची नखं बघितली, मानेवर दोन बोटं ठेवली, ओंडक्याखाली हात घालून चाचपलं. थोरला त्याच्याशी बोलला. मग मेजरनं खिशातून खडू काढला, भावाच्या कपाळावर फुली मारली, आणि माझ्याकडे आला.

हे सगळं होईतो मिनिट लागलं असेल. कमरेचा पट्टा काढून त्यानं माझी मांडी आवळली, अंगठा आत रुतवला, आणि दोघांना हाक मारून मला एका फळीवर घेतलं. वखारीला एकच टेम्पो. इस्पितळापर्यंत त्यानं अंगठा काढला नाही. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की आणखी सहा-सात मिनिटांत मी संपलो असतो. ते सांगताना ते मेजरकडे कौतुकानं बघत होते. मेजर मात्र दाराकडे बघत होता. तो म्हणाला, "मी जातो. दादाजवळ कुणीतरी बसलं असेल, पण मी जातो."

कुणीही बसलं नव्हतं. टेम्पो परत पोचायला पाऊण तास गेला. वखारीतल्या लोकांनी कपाळावरची फुली पाहिली होती, आणि वखारीत फुलीचा अर्थ एकच. मुकादम पुढे चौकशीत म्हणाला, "आम्हाला वाटलं, संपला. खूण बघून कुणी हात लावला नाही." सगळे भोंग्याभोवती होते. त्याला पाणी पाज, वारा घाल, धीर दे. थोरला वीस पावलांवर एकटा गेला. कधी गेला तेही कुणाला ठाऊक नाही.

मेजर माझ्या खाटेशी येऊन बसला तेव्हा हे एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होता. "तिकडे फुली बघून लोक जवळ यायचे रे. इथे लांब गेले."

घरी आणल्यावर वहिनीनं ओल्या फडक्यानं नवऱ्याचं तोंड पुसलं. रक्त गेलं, भुसा गेला, फुली जाईना. मेणाचा खडू तो. तेल लावून घासली तेव्हा फिकी झाली, पण नेईपर्यंत दिसत होती. सगळ्या गल्लीनं पाहिली. त्या दिवसापासून मेजर हा सख्ख्या भावाला जळणात काढणारा माणूस झाला. किराणावाल्याला तर पर्वणीच. "मला तेव्हाच शंका आली होती," म्हणे. डॉक्टरांना कुणीतरी गाठून विचारलं, थोरला वाचला असता का? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. ते 'सांगता येत नाही' गल्लीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत 'नक्की वाचला असता' झालं होतं. असल्या कामात आमची गल्ली फार तत्पर.

वहिनीनं त्याला हाकललं नाही. त्यापेक्षा वाईट केलं. बोलणं बंद केलं. ताट झाकून ठेवायची आणि खोलीतून निघून जायची. पुतणीनं काकाकडे बघणं सोडलं. तो खिडकीशी खाटेवर बसायचा आणि वखारीतून आला की हात पुन्हा पुन्हा धुवायचा. हो, वखारीत जात होता. फक्त मुकादमानं त्याच्याकडून खडू काढून घेतला होता आणि त्याला भुसा भरायला लावलं होतं.

मला इस्पितळातून सोडलं तेव्हा महिना उलटला होता. चौकशीचा साहेब माझ्या घरी आला, कारण थोरल्याच्या जवळ फक्त मी होतो. त्यानं विचारलं, "ते शुद्धीत होते का? काही बोलले का?"

मी म्हणालो, "नाही साहेब. पूर्ण बेशुद्ध होते. संपल्यातच जमा होते."

खोटं. अक्षर न अक्षर खोटं. मी स्वतःला समजावलं की मित्रासाठी बोललो. त्यानं माझा जीव वाचवला, मी त्याचं घर वाचवतो, फिटंफाट. ऐकायला किती छान वाटतं!

आणि घर वाचलंही. साहेबाचा कागद वहिनीला वाचून दाखवला गेला. दोन दिवस ती घरातून बाहेर पडली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं मेजरच्या समोर बसून वाढलं आणि म्हणाली, "त्यांना कळतच नव्हतं म्हणे. मग तुम्ही तरी काय करणार होतात, भावजी? उद्या पोरीला शाळेत सोडा, माझे गुडघे धरलेत."

दुसऱ्या दिवशी तो पुतणीचा हात धरून गल्लीतून गेला. मी खिडकीतून पाहिलं आणि, खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, झालं. निभावलं.

चार दिवसांनी तो माझ्याकडे आला. "तू साहेबाला तसं का सांगितलंस?"

"तुझ्या भल्यासाठी. आता तोंडाला कुलूप लाव आणि गुण्यागोविंदानं राहा."

"मला निरोप द्यायचाय."

"कुणाचा?" मी विचारलं.

"दादाचा. फुली मी मारली. बसायला हवं होतं, बसलो नाही. निदान पोचवायला तरी हवं."

मी त्याला काय नाही म्हणालो! वेडा म्हणालो, घरबुडव्या म्हणालो, हात जोडले. "अरे, तो निरोप तरी आहे का? ते तर... तुला ठाऊक आहे ते काय होतं!"

"काय होतं ते मी ठरवायचं नसतं," तो म्हणाला आणि निघाला. मी कुबडी घेऊन त्याच्या मागे गेलो. मला वाटलं, मी समोर असलो तर त्याची जीभ रेटणार नाही. माझ्याबद्दल मला नेहमी जरा जास्तच वाटतं.

वहिनी खाली बसून नवऱ्याच्या शर्टांच्या घड्या घालत होती, कुणाला तरी द्यायला. पोर शाळेत होती. मेजरनं खाटेवर बसायचं सोडून भिंतीजवळची खुर्ची ओढली. तिच्या टोकावर बसला, हात गुडघ्यांवर, पाठ ताठ, अगदी त्या न्हाव्याच्या घरी बसला होता तसा. स्वतःच्या घरात परक्यासारखा बसलेला माणूस बघवत नाही.

"वहिनी, दादा शुद्धीत होता."

तिचे हात थांबले. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

"बोलला होता," तो म्हणाला. "तुम्हाला सांगायला हवं."

"काय म्हणाले?"

"म्हणाला, 'धाकल्या, मला आधी उचल.'"

वहिनीनं हातातला शर्ट खाली ठेवला. तिचा आवाज अगदी साधा होता. "आणखी?"

"आणखी काही नाही. दोनदा म्हणाला. दुसऱ्यांदा माझी बाही धरली होती."

"आणि तुम्ही याला उचललंत."

"हो."

"तुम्ही त्यांची बाही सोडवलीत."

"हो."

मी मध्ये पडलो. "वहिनी, अहो, ओंडका काढायलाच वीस मिनिटं..." तिनं हात वर केला आणि मी गप्प झालो.

"भावजी," ती म्हणाली, "मी तुम्हाला एकच मागते. चुकलं म्हणा. एवढं म्हणा, की माझं चुकलं, त्याला उचलायला हवं होतं. मग मी हा विषय मरेपर्यंत काढणार नाही. हे घर तुमचंच आहे."

मेजरला घाम फुटला होता. मी मनात म्हणत होतो, म्हण रे, म्हण. दोन शब्द आहेत. लोक रोज म्हणतात, पायावर पाय पडला तरी म्हणतात.

"फुली मारली ते चुकलं," तो म्हणाला. "ती मारली नसती तर लोक त्याच्याजवळ बसले असते. त्याला एकटं सोडलं ते चुकलं. त्यासाठी मला काय वाटेल ते बोला. पण उचललं नाही, ते चुकलं नाही, वहिनी. ओंडका काढता क्षणी तो गेला असता, आणि तोवर हाही गेला असता."

"माझ्यासाठी म्हणा. खोटं म्हणा."

"खोटं म्हणता येत नाही." आता त्याचा आवाज फुटला. "तुम्हाला नाही कळणार. दादाच्या बाबतीत चुकलं म्हणालो, तर त्या बाकीच्यांच्या बाबतीतही चुकलं असेल. त्यातला एकेक जण बोलत होता. त्यातल्या अर्ध्यांनी हेच म्हटलं होतं. मी मग झोपू कसा?"

वहिनीनं राहिलेल्या शर्टांच्या घड्या घातल्या, एकावर एक रचल्या, कडा हातानं नीट केल्या. मग उठली आणि म्हणाली, "पोर यायच्या आत जा. तिच्या देखत नको."

त्यानं वाद घातला नाही. ट्रंक भरायला त्याला दहा मिनिटंही लागली नाहीत. दारात थांबला तेव्हा मला वाटलं, वहिनी काहीतरी बोलेल. ती बोलली. "शर्टांना बटणं आहेत ना सगळ्या?" तो म्हणाला, "आहेत." आणि गेला. पुढे त्याचं काय झालं मला ठाऊक नाही. वहीतली काही घरं राहिली होती, तेवढं ठाऊक आहे.

मी कुबडी शोधत होतो. लवकर निघावं म्हणून घाई करत होतो आणि त्यामुळे ती हाताला लागत नव्हती. वहिनीनंच ती उचलून दिली. देताना सोडली नाही.

"तू दोन हातांवर होतास," ती म्हणाली. "ते म्हणाले ते तुला ऐकू आलं होतं?"

मी मान हलवली.

"दोन्ही वेळा?"

"हो."

"मग भावजी तुला उचलायला आले तेव्हा तू का नाही म्हणालास, की आधी त्यांना उचला?"

मी तिला सांगितलं की माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. रक्त फार गेलं होतं, डोळ्यांपुढे अंधारी होती. तिनं कुबडी सोडली.

शब्द फुटत होता. मला सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं आणि पुरती शुद्ध होती. मेजर वाकला तेव्हा मी त्याच्या गळ्यात हात टाकला आणि घट्ट धरून ठेवला, तो पुन्हा मागे वळू नये म्हणून. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. तिचं दार माझ्या दारापासून चौथं आहे. माझ्या जागी मेजर असता तर त्याच दिवशी जाऊन, खुर्चीच्या टोकावर बसून सांगून आला असता.